जोडीदाराचा बोल

हिंदुराव गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा तालमीतला हौदा उकरला. खोऱ्यानं लाल माती वरखाली केली, ढेकळं हातानं फोडली, मारुतीच्या तसबिरीपुढं दिवा लावला आणि लंगोट कसून कडेला बसून राहिलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग माझ्या ध्यानात आलं की आज कुणी येणारच नाही. आदल्या दिवशी हिंदुरावची पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर मीच चढवली होती, दोरीही मीच आवळली होती. तरी सकाळी उठून दोघांना पुरेल एवढी माती मी मऊ करून ठेवली होती.

आमची तालीम लहान गावची. संध्याकाळी पोरांची गर्दी व्हायची, पण पहाटेचा हौदा फक्त हिंदुरावचा. आणि हिंदुरावचा म्हणजे माझाही, कारण मी त्याचा जोडीदार होतो. जोडीदार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. मोठा पैलवान घडवायचा तर त्याला रोज अंगावर घ्यायला कुणीतरी लागतं. त्यानं डाव टाकायचे आणि दुसऱ्यानं ते झेलायचे. तो पाडणार आणि मी पडणार, असा आमचा धंदा. पडून झालं की उठायचं, अंगावरची माती झटकायची आणि परत त्याच्यापुढं उभं राहायचं.

शेजारच्या खोलीतून दस्तगीर वस्ताद बाहेर आले. बायको गेल्यापासून ते तालमीतच राहायचे. दातात कडुनिंबाची काडी, खांद्यावर पंचा. त्यांनी हौद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कुणाची वाट बघतोस?"

"कुणाची न्हाई, वस्ताद."

"मग लंगोट कशाला कसलास?"

ते तोंड धुवायला निघून गेले. मी उगीच थोडे जोर मारले, पण मन लागेना. खरं सांगायचं तर माझं अंग रुसलं होतं. रोज ज्या वेळी पाठ मातीवर आदळायची ती वेळ झाली होती आणि कुणी आदळत नव्हतं.

मी हिंदुरावचा जोडीदार झालो त्याची हकिकत साधी आहे. माझा बाप आबा इनामदारांच्या शेतावर कामाला होता. आबांना एकच मुलगा, हिंदुराव, आणि आबांची एकच हौस, घरात राज्याची गदा यावी. तरुणपणी ती त्यांना स्वतःला मिळाली नव्हती. मुलाला तालमीत घालायचं ठरलं तेव्हा त्याच्या वयाचा, त्याच्या अंगाचा पोरगा हवा होता. मी आबांच्या गोठ्यात वैरण टाकत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबून बघितला, बैल बघावा तसा, आणि बापाला म्हणाले की याला उद्यापासून तालमीत पाठव, याचं दूधतूप आमच्याकडं. बापाला आभाळ ठेंगणं झालं. मलाही झालं. मिसरूड फुटायच्या आतलं वय, रोज तांब्याभर दूध मिळणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल.

आमच्या तालमीत एक रीत होती. पहिल्या दिवशी पोरानं हौद्यात उतरायच्या आधी माती कपाळाला लावायची आणि मारुतीपुढं मोठ्यानं आपला बोल बोलायचा. बोल म्हणजे तुला काय करायचंय ते. कुणी म्हणायचं अमक्या गावच्या पैलवानाला पाडीन, कुणी म्हणायचं फेटा जिंकून आणीन, एकानं तर शाळेतल्या मास्तरांना उचलीन असं सांगितलं होतं. वस्ताद ऐकून घ्यायचे आणि कुणाचाही बोल विसरायचे नाहीत. ते मुसलमान, पण मारुतीपुढं उभं राहताना चप्पल हौद्यापासून लांब काढायचे आणि बोल चालू असताना कुणाला खोकूसुद्धा द्यायचे नाहीत.

त्या दिवशी आधी हिंदुराव पुढं झाला. "राज्याची गदा आणीन," असं खणखणीत बोलला, घरून पाठ करून आणल्यासारखं. आबा मागंच उभे होते. मग माझी पाळी आली. मी कपाळाला माती लावली आणि मला काही सुचेना. मी आबांकडं बघितलं. ते हसून म्हणाले, "तू म्हण, हिंदुरावाला गदा मिळू दे." मी तसंच म्हटलं. सगळे हसले, माझी पाठ थोपटली. आबांनी तर सगळ्यांना पेढे वाटले. वस्ताद तेवढे हसले नव्हते, पण ते कधीच फार हसत नसत, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

त्यानंतरची माझी सगळी वर्षं त्या बोलात गेली. हिंदुरावचं अंग मला माझ्या अंगापेक्षा जास्त माहीत होतं. त्याचा डावा खांदा थंडीत दुखायचा, तो मी चोळायचो. कुस्तीआधी त्याला भूक लागायची नाही, मी त्याला भरवायचो. त्याचा हुकमी डाव म्हणजे ढाक. मानेला हाताचा वेढा घालून, कमरेवर घेऊन माणसाला उलटा पाडायचा. ढाक बसत असताना समोरचा अडला तर मारणाऱ्याचा गुडघा जातो नाहीतर खाणाऱ्याची मान. म्हणून जोडीदारानं त्या क्षणी अंग हलकं सोडायचं, पाय मातीवरून उचलायचे आणि फुलासारखं जायचं. मी इतका छान जायचो की बघायला आलेली माणसं हिंदुरावला टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या मला माझ्याच वाटायच्या. मैदानात तो जिंकला की त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं. गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून विचारायची की काय केरबा, तुझा पैलवान काय म्हणतोय. माझं स्वतःचं कसं चाललंय हे कुणी विचारल्याचं आठवत नाही आणि तेव्हा त्याचं मला काही वाटलंही नाही.

मग सैन्याच्या कुस्ती केंद्रात हिंदुरावची निवड झाली. एकट्याची. तिथं जोडीदार तिथलेच मिळणार होते. एसटी सुटताना त्यानं खिडकीतून हात काढून माझा दंड दाबला आणि म्हणाला, "तब्येत सांभाळ गड्या." दुसऱ्या दिवसापासून आबांच्या घरचा दुधाचा तांब्या यायचा बंद झाला. आबांचा त्यात दोष नव्हता. तांब्या हिंदुरावच्या गदेसाठी येत होता आणि गदेची तयारी आता दुसरीकडं चालली होती.

दोन-चार दिवस मी तसाच हौदा उकरून बसत राहिलो. शेवटी वस्ताद एका सकाळी माझ्याशेजारी येऊन बसले.

"केरबा, तुला काय पायजे?"

"हिंदुरावाला गदा मिळावी."

"त्यो गेला. त्याची गदा आता त्याच्यासंगं. तुला काय पायजे?"

मी विचार केला. खरंच केला. डोकं खाजवलं, हौद्याकडं बघितलं, तसबिरीतल्या मारुतीकडं बघितलं. आत काही हललंच नाही. घर झाडून घ्यायला जावं आणि आत सामानच नसावं तसं झालं. मला भीती वाटली. त्या वेळी मी ऐन तारुण्यात होतो, दगड फोडला असता एवढी ताकद होती आणि ती कशासाठी वापरायची ते मला सांगता येत नव्हतं.

वस्तादांनी काही समजूत घातली नाही. म्हणाले, "पयला बोल संपला. नवीन बोल आण, मग हौद्यात उतर. तवर माती उकरायची न्हाई."

तो हिवाळा फार वाईट गेला. मी सकाळी उठायचो आणि जायला जागा नसायची. संध्याकाळच्या पोरांत मी मोठा, त्यांच्याशी माझी जोड लागायची नाही. शेतावर जायचो, वैरण टाकायचो, बापाबरोबर गप्प बसून भाकरी खायचो. हिंदुरावची खुशाली आबांकडून कळायची. मी विचारायला गेलो की आबा ओसरीवरूनच सांगायचे, बरं आहे म्हणून. त्यानं माझी कधी चौकशी केली का, हे विचारायला माझी जीभ रेटायची नाही. रात्री पाठीवर झोपलो की वाटायचं, आता कुणीतरी हात देईल आणि ऊठ म्हणेल. मला त्याची आठवण यायची, हे मी आज मोकळेपणानं सांगतो. बाईमाणसाची यावी तशी नव्हे, पण त्यापेक्षा कमीही नव्हे.

फाल्गुन सरता सरता मी वस्तादांकडं गेलो आणि सांगितलं की बोल सापडला. भैरोबाच्या जत्रेत मी लिंगाप्पाला पाडीन. लिंगाप्पा सीमेपलीकडचा नावाजलेला पैलवान. हिंदुरावची आणि त्याची दोनदा गाठ पडली होती आणि दोन्ही वेळा बरोबरीत सुटली होती.

"ह्यो बोल कुणाचा?" वस्तादांनी विचारलं.

"माझा."

ते म्हणाले, "उतर मग."

संध्याकाळच्या पोरांना दोघंदोघं अंगावर घेऊन मी तयारी केली, आणि चैत्रात भैरोबाची जत्रा भरली. मैदान माणसांनी फुललं होतं, हलगी कडाडत होती. आमच्याकडं पैलवान मैदानात फेरी मारतो आणि पंच त्याला तोलामोलाची जोड देतात. लिंगाप्पापुढं उभं राहायला कुणी धजत नव्हतं. मी हात वर केला. पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आबांनी पुढं होऊन सांगितलं की हा आमच्या हिंदुरावचा जोडीदार आहे, लावा जोड. माणसं खूश झाली. हिंदुरावचा जोडीदार म्हटल्यावर त्यांना वाटलं, हिंदुरावची राहिलेली कुस्तीच बघायला मिळतेय. मलाही तसंच वाटत होतं, आणि तिथंच सगळं चुकलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

सलामी झाली. सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मी फार चांगला लढलो. लिंगाप्पानं मला कच्चा धरलं होतं. मी त्याला खाली घेतला, पाठीवर स्वार झालो. तो घामाघूम झाला. कडेची माणसं उठून उभी राहिली. आबा फेटा काढून हवेत फिरवत होते. लिंगाप्पा कसाबसा माझ्याखालून सुटून उभा राहिला, आणि दमलेला माणूस करतो तसं त्यानं हाताला लागलं ते केलं. माझ्या मानेला वेढा घातला आणि ढाक मारली.

कच्ची ढाक होती. पाय जुळलेले नाहीत, कंबर लांब. संध्याकाळच्या पोरांनी हाणून पाडली असती. मला ती दिसली, तिच्यावरचा उताराही डोक्यात आला. पण मानेवर वेढा बसल्याबरोबर माझं अंग हलकं झालं. पाय आपोआप मातीवरून उचलले गेले. हिंदुरावबरोबर जायचो तसा मी फुलासारखा त्याच्या कमरेवरून गेलो आणि दोन्ही खांदे मातीला लावून आकाशाकडं बघत पडलो.

खुद्द लिंगाप्पासुद्धा गोंधळून माझ्याकडं बघत होता. मग कडेनं कुणीतरी ओरडलं की ही नुरा कुस्ती आहे. नुरा म्हणजे ठरवून केलेली, विकलेली. बघता बघता सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. माझ्या अंगावर मातीची ढेकळं आली. मी आबांना शोधलं. त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला होता आणि ते पाठ फिरवून चालले होते. घरी बाप एवढंच म्हणाला की, आबांपुढं उभं राहायची सोय ठेवली न्हाईस. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

त्याच संध्याकाळी वस्तादांनी माझ्या मानेला तेल-हळद लावली. आम्ही दोघंच होतो. बाहेर जत्रेचा गोंगाट चालला होता.

"पडलास कसा?"

"कळलं न्हाई वस्ताद. आईशपथ, मी कुणाकडनं काय घेतलं न्हाई."

"ते मला सांगाय नको. तू पडला न्हाईस, तुझं अंग पडलं. त्याला पडायला मीच शिकवलं." त्यांचा हात माझ्या मानेवर थांबला. "आनि लिंगाप्पा तुझा काय लागतो रं? तुझं त्याचं काय वाकडं व्हतं?"

"हिंदुरावाची त्याच्याशी बरोबरी झाली व्हती."

"मग ह्यो बोल बी त्याचाच झाला की."

मला रडू आलं. एवढा थोराड गडी, मान खाली घालून रडलो. मी म्हणालो की मला दुसरं काही येतच नाही, मी माझा बोल कुठून आणू. वस्तादांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "बारका आण. गदाबिदा नगं. एका दिवसाचा आण. पन तुझा आण."

गावानं मला वाळीत टाकलं नाही, पण जवळही घेतलं नाही. पारावर मी गेलो की बोलणं बदलायचं. संध्याकाळची पोरं माझ्याशी जोड करायला कां-कूं करायला लागली. मग एका पहाटे वस्ताद स्वतः हौद्यात उतरले. एक गुडघा वाकत नव्हता, छातीवरचे केस पांढरे. त्यांनी माझ्या मानेला वेढा घातला आणि म्हणाले, अंग जड कर. मी हलका झालो आणि पडलो. ते परत म्हणाले, जड कर. असं रोज चाललं. सतरांदा पडलो असेन. अंगाला लागलेली चांगली सवय मोडणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. कारण ती सवय वाईट नव्हतीच, दुसऱ्याच्या भल्यासाठी लावलेली होती.

वैशाखात हिंदुराव रजेवर आला.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तो आल्याचं कळलं तेव्हा मी शेतातून पळत निघालो आणि वाटेत लाज वाटून चालायला लागलो. तो अधिक रुंद झाला होता, केस बारीक कापले होते. त्यानं मला मिठी मारली, उचलून गरगर फिरवलं. जत्रेतलं त्याच्या कानावर गेलं होतं, पण त्यानं विषय काढला नाही, फक्त हसला. म्हणाला की तिथं सगळे आडदांड भरलेत, ढाक काही बसत नाही कुणावर, महिन्यावर राज्याची निवड आलीय. "उद्या सकाळी जोड करू गड्या. तुझ्यावर हात मोकळा झाला की बरं वाटंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत पोचलो तर हौद्याच्या कडेला आबांच्या घरचा दुधाचा तांब्या ठेवलेला होता. वर झाकण, झाकणावर स्वच्छ फडकं, पूर्वीसारखं. मी त्या तांब्याकडं बघत उभा राहिलो. मला वाटलं, हात पुढं केला की सगळं परत मिळेल. हिंदुराव मिळेल, आबांची ओसरी मिळेल, बाप बोलायला लागेल, रस्त्यात माणसं थांबवतील. जोडीदार व्हायला मला कुणाचीच ना नव्हती. मलासुद्धा ती माझी जागा फार आवडत होती, आणि मला भीती त्याचीच होती.

मी तांब्याला हात लावला नाही. ते दूध पुढं वस्तादांच्या मांजरानं संपवलं.

हिंदुराव लंगोट कसून आला. आबा कडेला उभे राहिले, वस्ताद खांबाला टेकले. मी हौद्यात पाय टाकायच्या आधी वाकून माती उचलली आणि कपाळाला लावली. पहिल्या दिवसानंतर पुन्हा कुणी असं करत नसे. हिंदुराव बघायला लागला. मी मारुतीकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आज मी पडणार न्हाई."

हिंदुराव हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. आबाही हसले. वस्ताद हसले नाहीत.

हात मिळाले. थोडं खेळून झाल्यावर त्याचा वेढा माझ्या मानेवर आला. तो वेढा मी झोपेतसुद्धा ओळखला असता. त्याचा गरम श्वास कानाला लागला, कंबर फिरली. माझे पाय आपोआप उचलले जायला लागले. मी ते मातीत रुतवले, कंबर खाली टाकली आणि जड झालो. ढाक अर्ध्यात अडकली. त्यानं वेढा सोडला, हात झाडले, परत आला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आता तो हसत नव्हता. तिसऱ्यांदा त्यानं सगळी ताकद लावली आणि आम्ही दोघं एकमेकांत अडकून गुडघ्यांवर आलो. त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "पड की, केरबा."

आबांना ते ऐकू गेलं नसेल. हुकूम नव्हता तो. तहानलेल्यानं पाणी मागावं तसा आवाज होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यासाठी मी इतकी वर्षं पडलो होतो, आणखी एकदा पडायला काय हरकत होती, असं मन म्हणत होतं. अंग मात्र ऐकत नव्हतं. ते पहिल्यांदाच माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं आणि त्याला मी परत खाली ढकललं असतं तर पुन्हा उठलं नसतं.

"न्हाई," मी म्हणालो.

पुढं एकदा त्याचा पाय माझ्या हातात आला. ओढला असता तर तो गेला असता. मी सोडून दिला. त्याला पाडायचा बोल मी बोललोच नव्हतो. आम्ही दम संपेपर्यंत लढलो आणि मग वस्तादांनी पंचा टाकून आम्हाला सोडवलं. कुणीच पडलं नव्हतं.

हिंदुराव कडेला जाऊन पाठमोरा बसला. मी नेहमीप्रमाणं त्याच्या खांद्यावरची माती झटकायला गेलो. त्यानं खांदा बाजूला घेतला. सदरा घातला, चप्पल घातली आणि आबांच्या पुढं होऊन निघून गेला. आबा जाताना वस्तादांना म्हणाले की ज्याला आम्ही दूध घातलं त्यानंच पोराचा हात बिघडवला. वस्ताद म्हणाले, "हात न्हाई बिघडला आबा. आज पयल्यांदा त्याची कुस्ती झाली."

हिंदुराव रजा संपायच्या आधीच परत गेला. राज्याच्या निवडीत तो हरला. पुढच्या वर्षीही हरला. गदा आबांच्या घरी कधी आली नाही. गावात बरीच वर्षं म्हणत होते की केरब्यानं हिंदुरावचा आत्मविश्वास मोडला. मी कुणाला काही समजवायला गेलो नाही. मला त्याची किंमत मोजावी लागली आणि ती मी मोजली. माझा एकच मित्र होता, तो गेला. पुढं मी लहानमोठ्या मैदानांत बऱ्याच कुस्त्या केल्या. दुपारच्या उन्हात, माणसं अजून यायची असतात तेव्हाच्या. काही जिंकलो, काही हरलो. कोल्हापूरच्या बाजारात माझं नाव घेतलं तर कुणी ओळखणार नाही. पण त्यातल्या प्रत्येक कुस्तीला मी कशासाठी उतरलो होतो ते आजही सांगू शकतो.

वस्ताद गेले तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. कबरस्तानात सगळं गाव आलं होतं. हिंदुरावही आला होता. नोकरीतून सुटून तो साखर कारखान्याच्या गेटवर बसत होता. आठवड्याच्या बाजारात आमची नजरानजर व्हायची आणि दोघंही भाजी बघायला लागायचो. माती द्यायची वेळ आली तेव्हा योगायोगानं तो माझ्याशेजारी उभा होता. आम्ही दोघांनी वाकून मूठभर माती घेतली. ती कबरीत टाकायच्या आधी माझा हात सवयीनं कपाळाला गेला. शेजारी बघितलं तर त्याचाही हात कपाळाशी होता.

मी ओठांतल्या ओठांत माझा बोल बोललो आणि माती टाकली. त्यानंही टाकली. माणसं पांगायला लागली तरी तो हलला नाही. मग खाली बघतच म्हणाला, "काय बोललास?"

"उद्यापासनं तालमीचा हौदा मी उकरीन म्हणालो. वस्तादांच्या माघारी कोण न्हाई." आणि इतक्या वर्षांनी बोलणं झालंच आहे तर विचारून टाकावं म्हणून मी विचारलं, "तू?"

त्याच्या कपाळावर अजून लाल डाग होता. त्यानं तळहात विजारीला पुसला.

"मला काय सुचलंच न्हाई बघ," तो म्हणाला. "पयल्या दिशी आबांनी शिकवलेलं बोललो. त्यानंतर कुणी विचारलं न्हाई, आनि मी बी न्हाई. नुसती माती लावली."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो डावा खांदा. पण तेवढ्यात त्याचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला आणि हिंदुराव मागच्या सीटवर जपून बसून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालीम उघडली. दिवा लावला, खोरं घेतलं आणि हौद्यात उतरलो. गुडघे दुखत होते. वस्तादांच्या दुखण्यात माती फार दिवस पडून घट्ट झाली होती, तरी मी ती दोघांना पुरेल एवढी मऊ केली आणि कडेला बसून दाराकडं बघत राहिलो.